गिटारवर कॉर्ड आकड्यांत वाजवायला शिकताना: ‘आयरिअल प्रो’चं परीक्षण

गाण्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अक्षरांऐवजी आकड्यांत वाचायची सवय लावायची असेल, तर ‘आयरिअल प्रो’ हे अ‍ॅप सरावासाठी उत्तम आहे. शिकवणी म्हणून मात्र ते पुरत नाही. १, ४, ५ म्हणजे काय आणि ते फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवर) कुठे सापडतात, हे ज्याला आधीच उमगलं आहे त्याच्या मनातून हे अ‍ॅप अवघड पट्ट्यांची (गाण्याच्या ‘सा’च्या जागांची) भीती काढून टाकतं. ज्याला ते उमगलेलं नाही त्याला पडद्यावर नुसते आकडे दिसतात आणि तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा अक्षरांकडे वळतो. म्हणून या परीक्षणात अ‍ॅपइतकंच आकड्यांच्या पद्धतीबद्दलही लिहिलं आहे.

अ‍ॅप नेमकं काय करतं ते आधी. गाण्याचा चार्ट म्हणजे बारच्या (ठरावीक ठोक्यांच्या भागाच्या) चौकटीत मांडलेले कॉर्ड, एवढंच त्यात असतं. चाल नाही, शब्द नाहीत. चार्ट लावला की ड्रम्स, बास आणि पियानो किंवा गिटार यांची साथ सुरू होते. वेग बदलता येतो, पट्टी बदलता येते, हवे तेवढेच बार पुन्हा पुन्हा वाजवता येतात आणि प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. फोन, टॅब्लेट आणि मॅकवर ते चालतं. आपल्या कामाची गोष्ट सेटिंगमध्ये आहे: कॉर्ड अक्षरांत दाखवायचे, आकड्यांत दाखवायचे की रोमन अंकांत, हे तिथे निवडता येतं. एकदा आकडे निवडले की कुठलाही चार्ट आकड्यांत उघडतो.

आता पद्धत. मेजर स्केलचे सात स्वर १ ते ७. सरगम येत असेल तर नव्याने काही पाठ करायचं नाही: १ म्हणजे सा, ४ म्हणजे शुद्ध म, ५ म्हणजे प. प्रत्येक स्वरावर त्याच स्केलचे स्वर घेऊन कॉर्ड बांधला की १, ४ आणि ५ मेजर निघतात, २, ३ आणि ६ मायनर निघतात आणि ७ डिमिनिश्ड. मायनर दाखवायला आकड्यापुढे छोटी आडवी रेघ, डिमिनिश्डला छोटं वर्तुळ. जी पट्टीत मांडलं तर:

१ = जी, २- = ए मायनर, ३- = बी मायनर, ४ = सी, ५ = डी, ६- = ई मायनर, ७° = एफ शार्प डिमिनिश्ड

सी पट्टीत हेच सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर, बी डिमिनिश्ड. अक्षरं पूर्ण बदलली, आकडे जागचे हलले नाहीत. गायकाने ऐन वेळी ‘अर्धा सूर खाली घ्या’ म्हटलं तरी कागद तोच राहतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये ही पद्धत रुळली ती याच सोयीमुळे. ‘द जॉर्डनेअर्स’ या गायकगटातल्या नील मॅथ्यूज यांनी गाण्याच्या साथीसाठी आकडे वापरायला सुरुवात केली, आणि पुढे चार्ली मकॉय आणि तिथल्या इतर वादकांनी ते कॉर्डसाठी उचलले. दिवसाला कितीतरी गाणी, हातात नोटेशन नाही, पट्टी कधीही बदलणार, अशा कामासाठी घडलेलं हे साधन आहे.

नॅशव्हिलच्या रिवाजात एक शिस्त आहे जी शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाळावी: रेघ किंवा वर्तुळ नसेल तर कॉर्ड मेजर. नुसता २ लिहिला तर जी पट्टीत तो ए मेजर, ए मायनर नव्हे. काही जण ‘२, ३, ६ तर मायनरच असतात’ म्हणून रेघ गाळतात. त्यांचे कागद हातात आले तर वाजवण्याआधी विचारून घ्या, कारण स्केलबाहेरचे कॉर्ड गाण्यात हमखास येतात. जी पट्टीत ई मायनरकडे ओढून नेणारा बी सेव्हन, म्हणजे ३ वर बारीक ७. डी कडे नेणारा ए मेजर, म्हणजे २. डोळे पाणावणारा सी मायनर, म्हणजे ४-. आणि एफ मेजर, म्हणजे ♭७: सातव्या स्वरापेक्षा अर्धा सूर खाली.

इथे अ‍ॅपला पहिला गुण द्यावा लागतो. ते मूळचं जॅझवाल्यांचं, त्यामुळे मायनरसाठी आडवी रेघ आणि मेजर सेव्हनसाठी त्रिकोण याच खुणा त्यात आधीपासून आहेत, आणि नॅशव्हिलच्या हस्तलिखित चार्टमध्येही त्याच असतात. अ‍ॅपवर वाचायला शिकलेलं कागदावर वाया जात नाही. रोमन अंकांचा पर्याय गिटारवाल्याने तूर्त बाजूला ठेवावा. रोमन पद्धतीत मोठा अंक मेजर, छोटा अंक मायनर. अभ्यासासाठी ती सुंदर आहे, पण वाजवता वाजवता दोन हात लांबून त्यातला लहान-मोठा फरक पटकन दिसत नाही.

फ्रेटबोर्डवर आकडे कुठे बसतात

हा भाग जमला की बाकीचं आपोआप जमतं. आडवं बोट टाकून धरायचे चार आकार येत असायला हवेत: सहाव्या तारेवर मूळ स्वर असलेले ई आणि ई मायनरचे आकार, आणि पाचव्या तारेवर मूळ स्वर असलेले ए आणि ए मायनरचे आकार. (सहावी तार म्हणजे सर्वांत जाड.)

समजा १ सहाव्या तारेवर आहे. जी साठी तो तिसऱ्या फ्रेटवर. मग त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे २-, आणखी दोन फ्रेट पुढे ३-. आता पाचव्या तारेवर या: १ च्याच फ्रेटवर ४, दोन पुढे ५, आणखी दोन पुढे ६-. म्हणजे दोन तारा आणि तीन फ्रेट, ३, ५ आणि ७. जाड तारेवर १, २-, ३- आणि तिच्या शेजारी ४, ५, ६-. सहा कॉर्ड संपले. ♭७ हवा असेल तर सहाव्या तारेवर १ च्या दोन फ्रेट मागे, सातवा स्वर हवा असेल तर एक फ्रेट मागे.

१ पाचव्या तारेवर असेल, उदाहरणार्थ सी तिसऱ्या फ्रेटवर, तर नकाशा थोडा फिरतो. २- त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे. ५ सहाव्या तारेवर, अगदी त्याच फ्रेटवर. ६- सहाव्या तारेवर दोन फ्रेट पुढे, आणि ४ सहाव्या तारेवर दोन फ्रेट मागे. सी, डी मायनर, जी, ए मायनर, एफ: बोटं ठेवून पाहा.

हे दोन नकाशे एकमेकांत मिसळणं ही सुरुवातीची सर्वांत मोठी अडचण. एकात १ च्या शेजारी त्याच फ्रेटवर ४ असतो, दुसऱ्यात ५ असतो. चुकलेला हात बहुतेक वेळा ४ च्या जागी ५ धरतो, आणि गाण्याच्या ओघात दोन्ही ‘बरे’ वाटत असल्याने चूक लगेच कळतही नाही. उपाय एकच: एका बैठकीत एकच नकाशा. आधी सहाव्या तारेचा पक्का करा, मगच पाचव्या तारेला हात घाला.

दुसरी अडचण फक्त गिटारवाल्यांची आहे. आपल्या डोक्यात आधीच आकड्यांची गर्दी असते: फ्रेटचे आकडे, तारांचे आकडे, डाव्या हाताच्या बोटांचे आकडे, टॅबमधले (कुठली तार कुठे दाबायची ते सांगणाऱ्या लिखाणातले) आकडे. त्यात चार्टवर ४ दिसला की हात चौथ्या फ्रेटकडे जातो. हार्मोनियमच्या साथीने वाजवणाऱ्यांना आणखी एक सांभाळावं लागतं. ‘काळी चार’मधला चार पट्टी सांगतो, कॉर्डचा क्रमांक नव्हे, काळी चारमध्ये ४ कुठे असं विचारलं तर उत्तर सी शार्प. यावर साधा उपाय म्हणजे तोंडाने म्हणणं. कॉर्ड बदलताना आकडा मोठ्याने म्हणा, आणि जमलं तर मूळ स्वरात गा. तोंड, कान आणि हात एकाच वेळी एकाच आकड्यावर आले की फ्रेटचा आकडा मध्ये येत नाही.

पट्टी बदलण्याचा सराव: अ‍ॅप इथे जिंकतं

चार्टचं प्रत्येक आवर्तन संपलं की आपोआप ठरावीक अंतराने पट्टी बदलायची, अशी सोय सराव-सेटिंगमध्ये आहे. आकड्यांच्या सरावासाठी हे अ‍ॅप घ्यायचं खरं कारण हेच, आणि कागद-पेन्सिलीने हे होत नाही.

चार बारचा चार्ट बनवा: १, ६-, २-, ५, प्रत्येक बारला एक कॉर्ड. चार्ट भरताना तो सी पट्टीत भरावा, म्हणजे सी, ए मायनर, डी मायनर, जी. त्यात शार्प-फ्लॅट येत नाहीत आणि भरताना चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी. हेच चार बार पुन्हा लिहून आठ बार करा, कारण प्रत्येक पट्टीत एक फेरी सावरायला आणि एक फेरी नीट वाजवायला लागते. वेग ६०. ४/४ मध्ये प्रत्येक कॉर्डला चार सेकंद मिळतात, एका पट्टीला बत्तीस सेकंद, आणि बारा पट्ट्या साडेसहा मिनिटांच्या आत होतात. पट्टी दर आवर्तनाला चौथ्या स्वराने वर जाईल असं ठेवा आणि सुरुवात जी पासून करा.

चौथ्याचंच अंतर का, तर गिटारची सहावी आणि पाचवी तार एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर लावलेल्या असतात. त्यामुळे १ ची जागा अशी सरकते: जी सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, सी पाचव्या तारेवर तोच तिसरा फ्रेट. एफ सहावीवर पहिला, बी फ्लॅट पाचवीवर पहिला. ई फ्लॅट पाचवीवर सहावा. ए फ्लॅट सहावीवर चौथा, डी फ्लॅट पाचवीवर चौथा. जी फ्लॅट सहावीवर दुसरा, बी पाचवीवर दुसरा. ई पाचवीवर सातवा. ए सहावीवर पाचवा, डी पाचवीवर पाचवा. मग पुन्हा जी. बहुतेक पट्ट्या जोडीने येतात: एकाच फ्रेटवर आधी सहाव्या तारेचा नकाशा, मग पाचव्या तारेचा. ई फ्लॅट आणि ई या दोघींनाच जोडीदार नाही. सरावात नेमक्या याच दोन ठिकाणी हात गोंधळतो, म्हणून तिथल्या दोन उड्या, पहिल्या फ्रेटवरून सहाव्यावर आणि दुसऱ्यावरून सातव्यावर, साथ न लावता वेगळ्या घोटाव्यात.

हा सराव करताना पडदा आकड्यांवरच ठेवा. अ‍ॅपमध्ये गिटारचे कॉर्ड-आकार चित्रात दाखवायची सोय आहे. ती बंद ठेवा. चित्र समोर असलं की नजर तिकडेच जाते आणि आकडा वाचायची गरजच उरत नाही. वेग आपोआप वाढवायचीही सोय आहे, पण पट्टी आणि वेग एकाच वेळी बदलू देऊ नका. घाईत माणूस आकडा सोडून मागच्या पट्टीतल्या हाताच्या हालचालीची नक्कल करतो, आणि ती नक्कल दुसऱ्या नकाशात चुकते.

आकडे खरोखर बसले आहेत की नाही, याची परीक्षा ए फ्लॅटमध्ये होते. ४ आला आणि मनात आधी ‘डी फ्लॅट’ उमटला, मग हात हलला, तर अजून भाषांतर चाललं आहे आणि तुम्ही अर्धा ठोका मागे पडणार. अक्षर फक्त १ चं माहीत असावं. बाकी सगळं १ पासूनच्या अंतराने सापडलं पाहिजे.

याच चार्टवर कानाचाही सराव होतो. मिक्सरमध्ये पियानो किंवा गिटारचा आवाज शून्य करा, बास आणि ड्रम्स ठेवा, फोन पालथा घाला. आता नुसत्या बासवरून आकडा ओळखायचा. ५ वरून १ वर येताना घरी पोचल्यासारखं वाटतं, ४ वरून येताना तेच हलकं आणि सैल लागतं. २- आणि ४ यांची गल्लत सर्वाधिक होते, कारण त्यांच्यात दोन स्वर सारखे आहेत (जी पट्टीत ए मायनर आणि सी, दोन्हींत सी आणि ई). अशा वेळी कॉर्डच्या रंगावर भरवसा न ठेवता बासचा स्वर गाऊन पाहावा.

कॅपो लावणाऱ्यांसाठी

अक्षरांचा चार्ट आणि कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) यांचं कधीच पटत नाही. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी चे आकार धरले की ऐकू येते ए पट्टी. अक्षरांत चार्ट ए मध्ये ठेवला तर हाताला प्रत्येक कॉर्डचं भाषांतर करावं लागतं. जी मध्ये ठेवला तर साथ जी मध्ये वाजते आणि कॅपो लावलेली गिटार तिच्याशी जुळत नाही. आकड्यांत हा पेच मुळातच उरत नाही. अ‍ॅपची पट्टी ए, हाताची पट्टी जी, पडद्यावर १, ६-, ४, ५. एकदा मनाशी ठरवलं की ‘आज माझा १ जी च्या आकाराचा’, की बाकी काही मोजायचं नाही. मोकळ्या तारांचे आकार वापरणाऱ्यांना आकड्यांकडे वळवणारा याहून मोठा फायदा मला दिसत नाही.

कॅपो कुठे लावायचा, तर बी फ्लॅटसाठी तिसऱ्या फ्रेटवर जी चे आकार; ई फ्लॅटसाठी तिसऱ्यावर सी चे किंवा पहिल्यावर डी चे; एफ साठी तिसऱ्यावर डी चे किंवा पहिल्यावर ई चे; बी साठी दुसऱ्यावर ए चे किंवा चौथ्यावर जी चे; ए फ्लॅटसाठी पहिल्यावर जी चे. दोन पर्याय असतील तर आकडे पाहून निवडा. गाण्यात ३- सतत येत असेल तर सी चे आकार बरे, कारण तिथे ३- म्हणजे मोकळा ई मायनर. जी च्या आकारांत तो बी मायनर होतो आणि आडवं बोट टाकावं लागतं. गाण्यात ४ वर फार वेळ थांबायचं असेल तर उलट: सी मध्ये ४ म्हणजे एफ, जी मध्ये ४ म्हणजे सहज धरता येणारा सी. गाणं न वाजवता, नुसते आकडे मोजून हा निर्णय घेता येतो.

आकडे चुकीचे दिसतात तेव्हा

अ‍ॅप आकडे साठवत नाही. चार्टमध्ये असतात अक्षरं, आणि चार्टवर नोंदवलेल्या पट्टीच्या हिशोबाने आकडे दाखवले जातात. वापरणाऱ्यांनीच बनवलेले हजारो चार्ट उतरवून घेता येतात, पण त्यात पट्टी चुकीची नोंदवली असेल तर प्रत्येक आकडा चुकतो. कॉर्ड मात्र बरोबर वाजत राहतात, म्हणून कानाला शंका येत नाही. आकड्यांनी शिकणाऱ्याचं यात फार नुकसान होतं, कारण तो चुकीचं नातं पाठ करतो.

डी, सी, जी हा क्रम घ्या. पट्टी जी नोंदवली तर दिसेल ५, ४, १. पट्टी डी नोंदवली तर दिसेल १, ♭७, ४. कॉर्ड तेच, बोटं तीच, पण गाणं वेगळं. गाणं डी वर येऊन विसावत असेल, चाल डी ला घर मानत असेल, तर १, ♭७, ४ हेच खरं. चार्ट उघडल्यावर म्हणून पहिलं काम हे: गाण्याचा शेवट ऐका, कुठे थांबल्यावर पुढे काही ऐकायची गरज वाटत नाही तो स्वर गा, आणि तो चार्टच्या पट्टीशी जुळवून पाहा. पहिला कॉर्ड म्हणजेच १ असं धरून चालू नका. ४ ने किंवा ६- ने सुरू होणारी गाणी भरपूर आहेत.

मायनर गाण्यांत हा प्रश्न जास्त बोचतो, कारण दोन रिवाज आहेत. ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन हे कॉर्ड एका रिवाजात १-, ४-, ५ (वर बारीक ७) असे लिहितात. दुसऱ्यात सी मेजरला १ मानून ६-, २-, ३ (वर बारीक ७) असे. नॅशव्हिलच्या चार्टवर दुसरा रिवाज खूप दिसतो. गिटारवर सुरुवात करणाऱ्यालाही मी तोच सुचवेन, कारण वर सांगितलेले दोन्ही नकाशे जसेच्या तसे चालतात, नवं काही शिकावं लागत नाही. शिवाय एकाच गाण्यात अंतरा मायनर आणि मुखडा मेजर असेल तर १ मध्येच बदलावा लागत नाही. अ‍ॅपमध्ये मायनर चार्ट उघडला की घरचा कॉर्ड १- दिसतो की ६-, एवढं आधी बघा. बँडमधल्या सगळ्यांचा रिवाज एक असला पाहिजे. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ४ वेगळा असेल तर आकड्यांपेक्षा अक्षरं परवडली.

जे अ‍ॅप देत नाही

गाण्याच्या मध्ये पट्टी वर चढली की पडद्यावरचे आकडे निरुपयोगी होतात. चार्टला पट्टी एकच, त्यामुळे जी मधून ए मध्ये गेलेला शेवटचा मुखडा १, ४, ५ ऐवजी २, ५, ६ असा दिसू लागतो, तोही सगळा मेजर. कागदावर इथे चौकटीत नवी पट्टी लिहून पुन्हा १ पासून सुरुवात करतात. अ‍ॅपमध्ये करायचं तर वर चढलेल्या भागाचा वेगळा चार्ट ए पट्टी नोंदवून बनवावा. वाजवताना दोन चार्टमध्ये खंड पडतो, पण सरावाला हेच बरोबर.

शब्द नसल्यामुळे गायकाच्या साथीला अ‍ॅप अपुरं पडतं. कुठल्या ओळीवर कॉर्ड बदलतो ते चार्ट सांगत नाही, बार मोजावे लागतात. शिकणाऱ्याला ही शिस्त चांगलीच लावते, पण कार्यक्रमात बार मोजता मोजता चुकलेल्या माणसाला परत येण्यासाठी शब्दांचा आधार लागतो.

लयीच्या खुणांमध्येही फरक आहे. हस्तलिखित आकडा-चार्टमध्ये आकड्याभोवती हिरा काढला म्हणजे कॉर्ड एकदाच वाजवून पूर्ण बार घुमू द्यायचा. दोन आकड्यांखाली एक रेघ म्हणजे दोघांनी मिळून एक बार, ४/४ मध्ये प्रत्येकी दोन ठोके. वाटणी असमान असेल तर आकड्यांवर ठोक्यांएवढे ठिपके. ठोक्याच्या अर्धा आधीच कॉर्ड आणायचा असेल तर आकड्यावर बाणासारखी खूण. अ‍ॅपमध्ये बारच्या उभ्या रेघा असतात, त्यामुळे अधोरेखनाची गरज पडत नाही. परत येणे, पहिला-दुसरा शेवट, कोडा (गाणं संपवणारा शेवटचा भाग) हे सगळंही त्यात आहे. पण हिरा आणि बाण यांच्या जागी चार शब्दांची टीप लिहिण्यावर भागवावं लागतं. बँडमध्ये वाजवणाऱ्याने या खुणा कागदावरच शिकाव्यात.

तिरकी रेघ असलेले कॉर्ड अ‍ॅप नीट दाखवतं. घोळ वाचणाऱ्याचा होतो. ५/७ म्हणजे पाचवा कॉर्ड आणि बासला स्केलचा सातवा स्वर, जी पट्टीत डी वर एफ शार्पचा बास. रेघेखालचा आकडा नेहमी पट्टीच्या १ पासून मोजायचा, वरच्या कॉर्डपासून नव्हे. ५/७ ला ‘डी सेव्हन’ समजून वाजवणं ही इतकी सर्रास चूक आहे की सरावासाठी हा क्रम मुद्दाम घ्यावा: १, ५/७, ६-, १/५, ४. जी पट्टीत जी, एफ शार्प बासवर डी, ई मायनर, डी बासवर जी, सी. बास १, ७, ६, ५, ४ असा पायरी-पायरीने उतरताना ऐकू आला पाहिजे. मध्येच उडी ऐकू आली तर रेघेखालचा आकडा चुकला.

कागद आधी का

अ‍ॅपमध्ये बोटाच्या एका स्पर्शाने अक्षरांचे आकडे होतात. ते काम ज्याने स्वतः केलेलं नाही त्याच्या लक्षात आकडे राहत नाहीत. म्हणून आधी ओळखीची दहा-बारा गाणी हाताने उतरवावीत. गाण्याचं घर शोधून कोपऱ्यात पट्टी लिहा. त्या पट्टीचे सात कॉर्ड कागदाच्या वर एका ओळीत मांडा. मग गाणं ऐकत बार मोजा आणि एका ओळीत चारच बार लिहा, कारण बहुतेक गाण्यांची ओळ चार किंवा आठ बारची असते आणि चुकलेला बार लगेच उघडा पडतो. समजा मुखडा असा आहे: जी एक बार, ई मायनर एक बार, सी आणि डी मिळून एक बार, जी एक बार. तो होतो १, ६-, अधोरेखित ४ ५, १. पुढच्या ओळीत जी, बी सेव्हन, ई मायनर, सी मायनर असेल तर १, ३ (वर बारीक ७), ६-, ४-. सातच्या यादीत न बसणारा कॉर्ड सापडला की घाबरून पट्टी बदलू नका. आधी मूळ स्वराचा आकडा लिहा, मग तो मेजर आहे की मायनर ते बघा. यादीतल्या नेहमीच्या रूपाहून वेगळा निघाला तर त्या आकड्याभोवती गोल करा. गोल केलेले आकडे म्हणजे गाण्याच्या कमाईच्या जागा, आणि पुढच्या गाण्यात ते कानाला आधी ओळखू येतात.

हा कागद तयार झाला की तेच गाणं अ‍ॅपमध्ये भरा, आकड्यांची सेटिंग लावा आणि कागदाशी ताडून पाहा. जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे बहुतेक वेळा मायनरची रेघ विसरलेली असते किंवा पट्टी चुकीची नोंदवलेली असते. मग पट्टी बदलण्याचा सराव त्या गाण्यावर चालवा.

मोकळ्या तारांचे आठ-दहा कॉर्डच येत असतील आणि आडवं बोट अजून बसत नसेल, तर अ‍ॅपमधली बारा पट्ट्यांची सोय वापरताच येणार नाही. त्याने कॅपो आणि कागद यांवर जी आणि सी हे दोनच आकार-संच आकड्यांत पक्के करावेत. आडव्या बोटाचे चारही आकार स्वच्छ वाजत असतील तर अ‍ॅप आजच घ्यावं. आणि गायकांना साथ करणाऱ्याने दोन्ही ठेवावं: घरी सरावाला अ‍ॅप, स्टँडवर हाताने लिहिलेला चार्ट, शब्दांच्या पहिल्या दोन अक्षरांसकट, आणि पट्टी पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे ती ऐन वेळी खोडता येते.